विंचला टोपी हवी का? शिडाच्या होडीवर काय झाकावं, काय उघडं ठेवावं

एप्रिल उजाडला की शिडाची होडी बाळगणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. होडी नवी असो की तिसऱ्या हातातून आलेली, प्रश्न तोच: “विंचला कव्हर घालू का? आणि विंचला घातलं तर क्लीट, कप्प्या, टर्नबकल यांनाही घालू का? दुकानदार तर अख्खा सेटच घ्या म्हणतो.” विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांची होडी मुंबई बंदरात मुरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या कायमच्या बांधणीवर, नाहीतर गोव्यात खाडीत उभी असते. रविवारी चार तास ती चालते, बाकीचे सहा दिवस ऊन, दव आणि खारा वारा खात उभी राहते. हा लेख अशाच होडीच्या मालकांसाठी आहे.

आधी उत्तर सांगतो. डेकवरच्या थोड्याच वस्तूंना कव्हर खरोखर लागतं आणि त्यांना ते लागतंच. बऱ्याच वस्तूंना कव्हरची गरज नसते. काहींना तर कव्हरनं नुकसान होतं. कोणती वस्तू कोणत्या गटातली, हे ओळखायला एकच प्रश्न पुरतो: या वस्तूचं वाटोळं ऊन करतं की मीठ?

ऊन आणि मीठ: दोन वेगळे शत्रू

गच्चीवर कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे आठवा. दोन उन्हाळे गेले की चिमटा दाबताच हातात तुटतो, त्यावर पांढुरकी भुकटी दिसते. होडीवरच्या प्लास्टिकचं हेच होतं. उन्हातले अतिनील किरण प्लास्टिक, रबर, नायलॉन, शिडाचं कापड आणि लाकडावरचं व्हार्निश यांची वीण तोडतात. ते थांबवायचं तर किरण अडवावे लागतात, म्हणजेच झाकावं लागतं. दुसरा उपाय नाही.

आता स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आठवा. जुलैत तिला पाणी सुटतं, म्हणून आपण मीठदाणीत तांदळाचे चार दाणे टाकतो. मीठ हवेतला ओलावा ओढतं. साधं मीठसुद्धा हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते तर त्याच्या कितीतरी आधीच पाणी धरतात. म्हणजे विंचवर वाळलेला खारा शिंतोडा दुपारी कोरडा दिसला तरी रात्रीच्या दवात तो पुन्हा ओला होतो. रोज ओला, रोज कोरडा. याचा इलाज म्हणजे गोडं पाणी. मिठावर टोपी घातली तर मीठ आतच राहतं, वर ओलावाही कोंडला जातो.

स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. स्टेनलेसला गंज लागत नाही तो त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा न दिसणारा पातळ थर असतो म्हणून. तो थर खरवडला गेला तरी पुन्हा धरतो, पण त्यासाठी हवेतला ऑक्सिजन मिळावा लागतो. घट्ट टेप, रबरी टोपी, चिकटून बसलेलं प्लास्टिक यांच्या खाली खारं पाणी असतं आणि हवा नसते. मग तिथेच, नेमक्या झाकलेल्या जागी, स्टेनलेस खड्डे पडून खचत जातं. ३१६ प्रतीचं स्टील ३०४ पेक्षा जास्त टिकतं, कारण त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. पण हवाबंद खारट फटीत ३१६ही हरतं.

एका विंचच्या पोटात काय दिसलं

काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका होडीवर ऑक्टोबरात विंच उघडायला बसलो होतो. मालक काळजी घेणारे. मे महिन्यात त्यांनी दोन्ही विंचवर महागाच्या, आतून रबराचा थर दिलेल्या घट्ट टोप्या चढवल्या आणि इलॅस्टिकवर वरून दोरीही बांधली. पाणी आत जायला नको, एवढाच हेतू.

टोपी काढली तेव्हा आतून दमट गोधडीसारखा वास आला. टोपीच्या अस्तरावर बुरशीचे काळे ठिपके होते. ड्रम वर उचलायला गेलो तर तो हलेना. लाकडी हातोडीनं चहूबाजूंनी हलके ठोके दिल्यावर सुटला. आतल्या बेअरिंगवरचं ग्रीस साबणाच्या वडीसारखं घट्ट झालेलं, त्यात बारीक मीठ चरचरत होतं. ब्राँझच्या दात्यांवर हिरवट थर होता. अ‍ॅल्युमिनियमच्या बैठकीत जिथे स्टेनलेसचे स्क्रू जातात तिथे पांढरी भुकटी फुगून आली होती. आणि विंचच्या तळातलं पाणी निघून जायचं भोक कुंभारीण माशीनं मातीचं घर करून गच्च लिंपलं होतं.

टोपीनं पाऊस अडवला होता, यात शंका नाही. पण मे महिन्यातलं मीठ न धुता टोपी चढवली होती, त्यामुळे चार-पाच महिने ते मीठ आत मुरत राहिलं. शेजारच्याच होडीवरचे उघडे विंच मी त्याच आठवड्यात खोलले. त्यांच्या माथ्यावरचं काळं प्लास्टिक करडं पडलेलं होतं, पण पोट स्वच्छ होतं. सबंध पावसाळा त्यांना आभाळातून गोडं पाणी मिळालं होतं. एवढ्यावरून कव्हर वाईट ठरत नाही. कव्हर काय करू शकतं आणि काय नाही, एवढं मात्र कळतं.

यांना कव्हर घालाच

या वस्तूंच्या बाबतीत काटकसर करू नका:

- होकायंत्र. वरच्या घुमटाला उन्हानं बारीक तडे जातात, आतला द्रव पिवळा पडतो, कधी बुडबुडा धरतो. घुमट बदलणं कटकटीचं आणि खर्चाचं काम आहे. पांढऱ्या कापडाची साधी टोपीसुद्धा पुरते.
- खोली, वेग, वारा दाखवणारे डिस्प्ले. त्यांच्याबरोबर येणारी प्लास्टिकची झाकणं बरेच जण पहिल्याच हंगामात हरवतात. ती जपा. हरवली असतील तर त्याच मॉडेलची मागवा, कापड गुंडाळू नका.
- हॅचच्या पारदर्शक काचा. या खऱ्या काचा नसतात. अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटच्या असतात. उन्हानं त्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे उमटतात. वरून कापडी कव्हर घातलं तर काच टिकते आणि केबिनही पुष्कळ थंड राहते.
- व्हार्निशचं लाकूड. टिलर, हँडरेल, केबिनच्या दाराच्या फळ्या. टिलरला बाहीसारखं कव्हर शिवून घ्या. मुंबईच्या उन्हात उघड्या टिलरचं व्हार्निश एका हंगामात सोलायला लागतं. कव्हरखाली ते कितीतरी जास्त टिकतं.
- नांगर ओढायचा विजेचा विंडलास. यात मोटर आहे, विजेच्या जोडण्या आहेत आणि तो नाळेवर असतो, म्हणजे प्रत्येक लाटेचा पहिला मारा त्याच्यावर. कव्हर हवंच, पण खालून हवा जाणारं.
- बाहेर टांगलेलं आउटबोर्ड इंजिन. त्याचं बाहेरचं कवच, इंधनाची रबरी नळी आणि रंग हे तिन्ही उन्हात जातात.

या यादीत शिडाचं नाव नाही, कारण ते डेकवरच्या सामानात मोडत नाही. तरी पैसे एकाच गोष्टीवर खर्च करता येणार असतील तर ते मोठ्या शिडाच्या कव्हरवर आणि गुंडाळीच्या जिबच्या कडेला शिवलेल्या ऊनपट्टीवर करा. डेकवरची सगळी कव्हरं मिळून जेवढे पैसे वाचवतील, त्याहून जास्त ही दोन वाचवतील.

यांना कव्हर घालू नका

- टर्नबकल. डोलकाठीला बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारांच्या तळाशी हे असतात. यांवर प्लास्टिकच्या नळ्या किंवा चामड्याच्या पिशव्या चढवायची पद्धत आहे, म्हणजे पायाला ओरखडे येत नाहीत आणि शीड अडकत नाही. पण याच जागी तार तुटायला सुरुवात होते. तारेचा एक तंतू तुटला, जोडाला केसाएवढी चीर गेली, तर ती दिसली पाहिजे. झाकलं की दिसत नाही. डोलकाठी कोसळते ती अशा न दिसलेल्या चिरेमुळे. पिनांची टोकं टोचत असतील तर फक्त टोकावर सिलिकॉनचा एक थेंब लावा, किंवा टेपचा एकच सैल वेढा द्या आणि दर हंगामात तो बदला.
- स्टँशन, पुलपिट, क्लीट. नुसता धातू आहे. धुतला की झालं. तांबूस डाग पडले तर ते वरवरचे असतात, पॉलिशनं जातात.
- कप्प्या आणि डेकवरचा ट्रॅक. यांत गोळ्या किंवा रोलर असतात, त्यांना खेळतं पाणी हवं. ग्रीसही घालू नका, त्यात वाळू चिकटते. गोड्या पाण्यानं धुऊन फिरवत राहा.
- दोर पकडणारे जॅमर. उन्हानं त्यांचं प्लास्टिक हळूहळू जुनं होतं हे खरं, पण प्रत्येकाला वेगळी टोपी घालण्यात अर्थ नाही. आतला दात झिजून दोर निसटायला लागतो, तो बराच आधी.
- हवेच्या वाटा. केबिनमध्ये वारा नेणाऱ्या तोट्या आणि जाळ्या हंगामात कधीही बांधून टाकू नका. कोंडलेल्या केबिनमध्ये आठ दिवसांत बुरशी येते.

स्प्रेडरच्या टोकांवरच्या टोप्या हा एक अपवाद. त्या स्प्रेडर जपायला नसतात. शीड घासून फाटू नये म्हणून असतात. त्या राहू द्या, पण वर्षातून एकदा खाली काढून आतली तार नीट बघा.

आता मूळ प्रश्न: विंच

विंचचा निवाडा सरसकट करता येत नाही, म्हणून गोंधळ होतो. त्याचं पोट मीठ बिघडवतं आणि डोकं ऊन बिघडवतं. माथ्यावर दोर आपोआप पकडणारे जबडे असतील, म्हणजे विंच सेल्फ-टेलिंग असेल, तर त्या जबड्यांत आणि दोर बाहेर काढणाऱ्या पट्टीत बहुतेकदा प्लास्टिक असतं. ऊन थेट त्यावर पडतं. अशा विंचला टोपी घालणं रास्त आहे. साध्या ब्राँझच्या किंवा क्रोमच्या विंचला टोपीची गरज नाही. क्रोमवर कावळ्यांची आणि समुद्रपक्ष्यांची विष्ठा पडून डाग पडतात, तेवढ्यासाठी कुणाला टोपी हवीशी वाटत असेल तर घालावी. काळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या विंचला एक वेगळा फायदा होतो. दुपारी दोन वाजता तो हात लावता येणार नाही इतका तापलेला नसतो.

टोपी घालायचीच असेल तर या चार अटी पाळा:

१. टोपी सैल असावी. विंच आणि कापड यांच्यात दोन बोटं जागा राहिली पाहिजे.
२. खालची कड डेकपासून थोडी वर असावी, म्हणजे हवा आत येते आणि पाणी बाहेर जातं.
३. टोपी चढवण्याआधी विंच गोड्या पाण्यानं धुतलेला असावा. हे शक्य नसेल त्या दिवशी टोपी घालू नका.
४. टोपीला एक छोटी दोरी असावी, ती विंचच्या बुडाशी बांधता येईल. वाऱ्यानं उडालेली टोपी समुद्रातला प्लास्टिकचा कचरा होते, आणि तुमचे पैसेही जातात.

“बंदरात उभ्या होडीवर गोडं पाणी आणायचं कुठून?” ही अडचण खरी आहे. मुंबईत मुरिंगवर नळ येत नाही. यावर मला सापडलेला सर्वांत सोयीचा उपाय म्हणजे बागेत फवारणीला वापरतात तो पाच लिटरचा हातपंप. तो घरून भरून न्या. दिवस संपला की आधी विंच, मग जॅमर, मग कप्प्या, मग टर्नबकल, अशा क्रमानं फवारत जा. पाच लिटरमध्ये बावीस-चोवीस फुटी होडीचं सगळं सामान धुऊन निघतं. दहा मिनिटं लागतात. विंच फवारताना ड्रम हातानं फिरवत राहा, म्हणजे पाणी आतून निथळतं.

आणि टोपी असो वा नसो, विंच वर्षातून एकदा तरी पूर्ण खोलून साफ करा. दाते आणि बेअरिंग यांना ग्रीसचा पातळ हात द्या, थापू नका. आतल्या छोट्या स्प्रिंगवाल्या खिट्यांना, ज्यांना पॉल म्हणतात, ग्रीस अजिबात लावू नका. त्यांना फक्त पातळ तेलाचा थेंब द्या. ग्रीसनं खिटी चिकटली तर ताणाखालचा विंच अचानक उलटा फिरतो आणि हँडल हातावर बसतं. मनगट मोडण्याएवढा तो फटका असतो. खोलताना ड्रमभोवती एखादं पुठ्ठ्याचं खोकं भोक पाडून बसवा. उडालेली स्प्रिंग मग समुद्रात जात नाही.

अजून मन ठरत नसेल तर प्रयोग करून बघा. डावीकडच्या विंचला टोपी घाला, उजवीकडचा उघडा ठेवा, दोन्ही सारखेच धुवा. हंगामाच्या शेवटी दोन्ही खोला. तुमची होडी, तुमची जागा आणि तुमच्या सवयी यांचं उत्तर तिथेच मिळेल.

कापड, दोरा आणि शिंपी

कापड निवडताना “वॉटरप्रूफ” या शब्दाला भुलू नका. डेकवरच्या छोट्या कव्हरला पाणी अडवण्यापेक्षा ऊन अडवणं आणि हवा खेळू देणं जास्त महत्त्वाचं.

- अ‍ॅक्रिलिक कॅनव्हास. यात रंग धाग्यातच असतो, वरून छापलेला नसतो, म्हणून उन्हात विटत नाही. सनब्रेला हे यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. हवा जाते, पाऊस बऱ्यापैकी अडतो. महाग आहे, पण विंच, टिलर, हॅच यांसाठी हेच घ्या. कापड फार लागत नाही. शिडाचं कव्हर शिवून उरलेल्या तुकड्यांत दोन टोप्या निघतात.
- पीव्हीसीचा थर दिलेलं कापड. पाणी पूर्ण अडतं, हवाही अडते. विंडलाससाठी चालेल, तेही खालून मोकळं ठेवून. विंचला नको.
- रेक्झिन. स्वस्त, पण उन्हात कडक होऊन घडीवर फाटतं. घेऊ नका.
- रबरी निओप्रीन. दिसायला नीटनेटकं, हवा मात्र जाऊ देत नाही आणि ओलावा आत कोंडतं. डेकवर नको.

कापड चांगलं आणि दोरा हलका, ही नेहमीची फसगत आहे. कव्हर बहुधा कापडात फाटत नाही, शिवणीत उसवतं. सुती दोरा कुजतो, नायलॉनचा उन्हात सुटतो. उन्हाला टिकणारा जाड पॉलिएस्टरचा दोरा मागा आणि तो आपल्यासमोर मशीनवर चढवायला सांगा. चेन प्लास्टिकची, जाड दातांची घ्या. पितळेची किंवा लोखंडी धावकीची चेन महिन्याभरात जाम होते. टिचबटणांऐवजी इलॅस्टिक किंवा नाडी बरी, कारण बटणासाठी डेकला भोक पाडावं लागतं आणि प्रत्येक भोक हे पाणी आत शिरायची एक नवी जागा असते.

शिंपी शोधायला लांब जायला नको. रिक्षाचे हूड आणि गाड्यांच्या सीट शिवणाऱ्यांकडे जाड कापड ओढणारं मशीन असतं आणि हातही सराईत असतो. कापड आणि दोरा मात्र तुम्ही न्या. माप देताना विंचची उंची आणि सर्वांत रुंद जागेचा घेर द्या, विंचभोवती दोन बोटं जागा राहील इतका घेर वाढवून. सेल्फ-टेलिंग विंचचं डोकं बुडापेक्षा रुंद असू शकतं, म्हणून घेर वरूनच घ्या. आधी जुन्या चादरीची एक टोपी शिवून चढवून बघा. हे अर्ध्या तासाचं काम पुढचा वाद वाचवतं.

पावसाळ्यातली शाकारणी

कोळी बांधव पावसाळ्याच्या तोंडाशी होड्या किनाऱ्यावर ओढतात आणि झापांनी, ताडपत्रीनं शाकारतात. त्या शाकारणीकडे जाऊन नीट बघा. झाप होडीला चिकटलेले नसतात. बांबूच्या आधारावर उंच असतात आणि दोन्ही टोकांनी वारा आरपार जातो. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते, तेव्हा कोकणातल्या कुठल्याही बंदरावर हे बघायला मिळेल.

शिडाच्या होडीलाही जूनपासून सप्टेंबरपर्यंत असंच छप्पर हवं. मुंबईत या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बूम किंवा बांबू आडवा ठेवून त्यावरून ताडपत्री उतरती ओढा आणि पुढची-मागची तोंडं उघडी ठेवा. वर असं छप्पर असेल तर खाली छोट्या टोप्यांचं काम उरत नाही. त्या काढून, धुऊन, वाळवून घरी न्या. डिस्प्ले आणि होकायंत्र सुटत असेल तर तेही घरी न्या. विंच छपराखाली पण उघडे राहू द्या. ताडपत्रीचा दोर विंचला किंवा स्टँशनला बांधू नका, वादळात स्टँशन वाकतं. होडीखालून दोर घेऊन बांधा.

लेझर, ऑप्टिमिस्ट, एंटरप्राइझ अशा छोट्या डिंग्या असणाऱ्यांनी वरचं बरंच काही सोडून द्यावं. त्यांना डेकभर एक कव्हर आणि बुडातलं भोक उघडं एवढं पुरे आहे.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टी

होडी मुरिंगवरून सोडण्याआधी सगळी कव्हरं निघाली पाहिजेत. जिबचा दोर विंचवर घ्यायच्या क्षणी टोपी आढळली, तर ते हसण्यावारी न्यायचं प्रकरण नाही. कव्हरं मोजून एकाच पिशवीत टाका. पाच घातली असतील तर पाच आत आली पाहिजेत. दुसरं, केबिनमध्ये कुणी झोपलं असेल तर पुढच्या हॅचवर कव्हर बांधून ठेवू नका. आग लागली तर बाहेर पडायची ती दुसरी वाट असते.

पैशांचा हिशेब कसा मांडावा

प्रत्येक वस्तूचा वेगळा हिशेब करा, सेटचा नको. समजा, हॅचचं कव्हर तीन हजारांना पडलं आणि चार वर्षं टिकलं, तर वर्षाला साडेसातशे रुपये झाले. त्या काचेचं आयुष्य कव्हरमुळे काही वर्षं वाढणार असेल आणि नवी काच बसवून घ्यायला पंधरा-वीस हजार लागणार असतील, तर प्रश्नच मिटला. हेच गणित क्लीटच्या टोपीला लावून बघा. क्लीट वीस वर्षं उघडं टिकतं. टोपीचा एक रुपयाही वसूल होत नाही. सेटमध्ये सहा वस्तू असतील आणि त्यांतल्या दोनच कामाच्या असतील, तर त्या दोनच मागा. दुकानदार सुट्या देत नसेल तर शिवून घ्या.

विम्यावर भिस्त ठेवून कव्हर टाळू नका, आणि कव्हर आहे म्हणून विमा मिळेल असंही समजू नका. सागरी विमा कायदा, १९६३ नुसार, पॉलिसीत वेगळं लिहिलेलं नसेल तर नेहमीच्या वापरातली झीज विमा कंपनीनं भरून द्यायची नसते. हळूहळू लागलेला गंज आणि उन्हानं गेलेलं प्लास्टिक याचे पैसे मिळतील अशी अपेक्षा धरू नका. विंचच्या हमीपत्रातही गंजाबद्दल काय लिहिलं आहे ते टोपी घेण्याआधीच वाचा.

फसवणूक झाली तर

“दहा वर्षं उन्हात काही होणार नाही” असं सांगून विकलेलं कव्हर पहिल्याच हंगामात फाटलं, तर गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुम्हाला लागू होतो. सदोष वस्तू, शिवणकामातली हयगय आणि खोटा दावा, तिन्हींवर तक्रार करता येते.

- बिल घ्या, आणि त्यावर कापडाचा प्रकार लिहून घ्या. “बोट कव्हर, २ नग” एवढंच लिहिलेलं बिल उपयोगाचं नाही.
- मापं देऊन शिवून घेतलेल्या वस्तू दुकानं बहुतेकदा परत घेत नाहीत. म्हणून मापं संदेशानं पाठवा आणि उत्तर जपून ठेवा. चूक कुणाची, हे मग सिद्ध करता येतं.
- ऑनलाइन घेतलं असेल तर परतीच्या अटींचा फोटो खरेदीच्या दिवशीच काढा.
- आधी विक्रेत्याला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.
- त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

एक अट लक्षात ठेवा. होडी भाड्यानं देण्याच्या धंद्यासाठी वस्तू घेतली असेल तर या कायद्यातला “ग्राहक” तुम्हाला म्हणता येईल असं नाही. स्वतःच्या उपजीविकेपुरता, स्वतः राबून केलेला व्यवसाय असेल तर म्हणता येतं.

या आठवड्यात काय कराल?

होडीवर जाल तेव्हा पाच लिटरचा हातपंप बरोबर न्या. टर्नबकलवरच्या सगळ्या टेपा आणि नळ्या काढून टाका, आणि खाली काय दिसतं ते भिंग घेऊन बघा. केसाएवढी जरी चीर दिसली तरी ती तार किंवा तो जोड बदलेपर्यंत शीड चढवू नका. होकायंत्राला, हॅचला आणि टिलरला कव्हर नसेल तर मापं घेऊन या. विंचची टोपी असेल तर ती उलटी करून नाकाशी धरा. दमट वास आला तर पुढच्या खेपेला ती घरीच ठेवा.